अन्न नाकारणारा लढाऊ मासा

मत्स्यालय बाळगणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते. निरनिराळ्या जातींचे मासे एकाच काचपेटीत सुखाने नांदत असतात. अन्नाचे कण पाण्यावर पडताच त्यांची एकच धांदल उडते. परंतु त्या सर्वांत देखणा असलेला, निळे किंवा तांबडे झिरझिरीत पर पसरून संथपणे हिंडणारा लढाऊ मासा मात्र अन्नापाशी येतो, त्याच्याकडे क्षणभर पाहतो आणि तोंड फिरवून निघून जातो. कधी कधी तो एखादा दाणा तोंडात घेतो व लगेच थुंकून टाकतो. पाळणाऱ्यास वाटते की, मासा उपाशी राहिला. म्हणून तो आणखी अन्न टाकतो. त्यातील बरेचसे इतर मासे फस्त करतात आणि उरलेले तळाच्या वाळूत कुजू लागते. थोड्याच दिवसांत एका माशाच्या जागी सगळीच पेटी आजारी पडते.

अशा माशाला ‘चोखंदळ’ असे नाव देऊन पुष्कळ जण मोकळे होतात. तथापि नाव देणे म्हणजे कारण शोधणे नव्हे. प्राण्याने अन्न नाकारणे ही एक घटना आहे आणि प्रत्येक घटनेप्रमाणे तिलाही कारण असते. ते कारण माशाच्या शरीरात असेल, पाण्यात असेल, शेजाऱ्यांत असेल किंवा अन्न देणाऱ्याच्या हातात असेल. ते कसे ओळखावे आणि त्यावर कोणता उपाय करावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मूळचा रहिवासी भातखाचरांचा

बाजारात ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयाम देशाचा. थाई भाषेत त्यास ‘प्ला कात’, म्हणजे ‘चावणारा मासा’ असे म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले डॅनिश वैद्य थिओडोर कँटर यांनी १८४९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्यांनी योजिलेले नाव दुसऱ्याच एका जातीला लागू पडत होते. पुढे १९१० साली ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी त्यास ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे आजचे शास्त्रीय नाव दिले. थायलंडच्या मंत्रिमंडळाने २०१९ साली त्यास राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असे दिसते की, मनुष्य या माशास किमान एक हजार वर्षांपासून पाळीत आला आहे.

मध्य थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे, पाट आणि गवताळ डबकी हे त्याचे घर होय. तेथील पाणी उथळ, उबदार आणि बहुधा संथ असते. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशाच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस घड्याघड्यांचा एक जादा श्वसनावयव असतो. पृष्ठभागाशी येऊन हवेचा घोट घेतला की त्या हवेतील प्राणवायू या अवयवाच्या द्वारे रक्तात मिसळतो. आपल्या देशातील काही मासे या बाबतीत त्याचे नातलग आहेत. बंगालमध्ये आवडीने खाल्ला जाणारा कोई मासा आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील छोटा गुरामी यांच्याही अंगी ही सोय आहे.

ज्या डबक्यात हा मासा राहतो, त्याच डबक्यात डासांच्या अळ्या, पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि वरून पडलेले लहानसहान किडे असतात. तेच त्याचे नैसर्गिक अन्न. तो मांसाहारी आहे. कोरडा दाणा हे त्याच्या दृष्टीने अगदी अलीकडचे, मनुष्याने पुढे केलेले अन्न आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

तोंड, डोळे आणि पर

माशाचे तोंड पाहिले असता त्याच्या आहाराची पुष्कळशी कल्पना येते. तळाशी चरणाऱ्या माशाचे तोंड खाली वळलेले असते. लढाऊ माशाचे तोंड वरच्या बाजूस वळलेले आहे. पृष्ठभागावरील व त्याच्या लगत खाली असणारे भक्ष्य टिपण्यासाठी ही रचना योग्य आहे. दाणा भराभर बुडाला, तर तो या माशाच्या हद्दीतून निसटतो.

भक्ष्य शोधताना तो मुख्यतः डोळ्यांवर अवलंबून असतो आणि हालचाल ही त्याच्या दृष्टीने अन्नाची मोठी खूण असते. डासाची अळी वळवळते. कोरडा दाणा निश्चल तरंगतो. थायलंडमधील मत्स्यपालनकेंद्रांत वाढत्या नरांना एकेकट्या बाटल्यांतून ठेवतात आणि त्यांना जिवंत खाद्य घालतात. अशा रीतीने वाढलेला मासा आपल्या शहरातील दुकानात व तेथून आपल्या मत्स्यालयात येतो, तेव्हा तरंगता तपकिरी कण हे अन्न आहे असे त्यास कळण्याचे काही कारणच नसते.

आता परांकडे पाहू. रानातील लढाऊ माशाचे पर आखूड असतात. दुकानातील नराचे लांब, पडद्यासारखे पर ही मनुष्याने पिढ्यान् पिढ्या निवड करून घडविलेली गोष्ट आहे. त्या परांमुळे रूप वाढले. परंतु पाण्याचा अवरोधही वाढला. ज्या अन्नापाशी चपळ मासा निमिषात पोहोचतो, तेथे या माशास आपला भरजरी पोशाख सावरीत जावे लागते. सामायिक मत्स्यालयात तो अन्नाच्या बाबतीत मागे पडतो, यात त्याच्या स्वभावाचा दोष थोडा आणि आपण केलेल्या निवडीचा भाग मोठा आहे. म्हणूनच त्याच्या जेवणाची जबाबदारीही आपल्यावर अधिक येते.

एका पेटीतील तीन मजले

सामायिक मत्स्यालय हे तीन मजली घराप्रमाणे असते. वरच्या मजल्यावर लढाऊ मासा; मधल्या मजल्यावर दक्षिण अमेरिकेतील निऑन टेट्रा, मलायातील रासबोरा किंवा भारतातील झेब्रा दानिओ यांसारखे थव्याने राहणारे मासे; आणि तळमजल्यावर वाळू धुंडाळणारा कोरिडोरास मासा व गोगलगायी. निसर्गात ही मंडळी एकमेकांस कधी भेटली नसती. त्यांना एकत्र आणिले ते मनुष्याने. परंतु प्रत्येकाची जेवण्याची रीत त्याने आपल्या देशातून बरोबर आणिलेली असते.

झेब्रा दानिओसारखा वाहत्या पाण्याची सवय असलेला मासा अन्नावर झडप घालतो, कारण प्रवाहात आलेला कण क्षणभरात वाहून जातो. लढाऊ मासा संथ पाण्यातला. तो भक्ष्याकडे सरकतो, थांबतो, पाहतो आणि मग टिपतो. हे थांबणे म्हणजे नापसंती नव्हे. परंतु त्या दोन-तीन क्षणांत शेजाऱ्यांनी दाणा पळविलेला असतो, आणि पाहणाऱ्यास मात्र वाटते की माशाने तो नाकारला.

सोबत्यांची निवड म्हणूनच महत्त्वाची. दोन नर एकत्र ठेवणे तर सर्वस्वी वर्ज्य. ते एकमेकांस जखमी करतात. लांब पर कुरतडण्याची खोड असलेले बार्ब जातीचे काही मासेही नकोत. ज्याचे पर रोज ओरबाडले जातात तो मासा कोपऱ्यात दडून बसतो, आणि दडून बसलेला मासा जेवावयास वर येत नाही. रासबोरा व कोरिडोरास हे सामान्यतः बरे शेजारी ठरतात. अशा वसाहतीसाठी निदान ४० लिटर पाणी, दडण्यास थोड्या वनस्पती आणि मंद प्रवाह असावा.

न खाण्याची कारणे

मासा जेवीत नाही असे दिसले की, पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न असा: तो खरोखरच उपाशी आहे काय? सामायिक पेटीत तळाच्या माशांसाठी टाकलेल्या बुडत्या वड्या लढाऊ मासा रात्री गुपचूप कुरतडतो असे पुष्कळदा आढळते. सकाळी त्याचे पोट भरलेले असते आणि त्याच्या ‘रुसव्या’ची चिंता करणारा पाळक त्यापुढे पुन्हा अन्न ठेवतो. वरून पाहिले असता माशाचे पोट फुगीर दिसत असेल, तर उपवास हाच उपाय.

दुसरा प्रश्न पाण्याच्या उष्णतेचा. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. तापमान १० अंशांनी उतरले, की शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारणतः निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. पचन मंदावले की भूकही मंदावते. लढाऊ माशास २५ ते २८ अंश सेल्सियस उष्णतेचे पाणी मानवते. उत्तर भारतात किंवा विदर्भात हिवाळ्याच्या रात्री उघड्या खोलीतील पेटीचे पाणी याच्या बरेच खाली जाते. अशा वेळी अन्न बदलण्यापूर्वी तापमापक पाहावा. पुष्कळदा हीटर हेच औषध ठरते.

तिसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा, त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. चौथा प्रश्न स्थलांतराचा. नव्या पेटीत आणलेला मासा पहिले काही दिवस अन्नास शिवत नाही, यात अस्वाभाविक काही नाही. निरोगी प्रौढ मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी त्यास अपाय होत नाही. पाचवा प्रश्न ऋतुचर्येचा. नर जेव्हा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधून त्याखाली अंड्यांची राखण करतो, तेव्हा त्याचे खाण्याकडे लक्ष नसते. आणि शेवटचा प्रश्न वयाचा. या माशाचे आयुष्य सामान्यतः दोन ते चार वर्षांचे असते आणि दुकानात येईतोवर त्यातील काही महिने सरलेले असतात. वृद्ध मासा कमी खातो.

तोंडात घेऊन थुंकणे याचा अर्थ निराळा आहे. दाणा मोठा किंवा कठीण असेल, तर मासा तो थुंकतो, पुन्हा घेतो आणि अशा रीतीने मऊ करून गिळतो. घाईने निष्कर्ष न काढता दोन मिनिटे पाहत राहिल्यास हे दिसून येते. दाणा एक मिलिमीटरच्या आसपास असावा आणि पाण्याच्या थेंबात क्षणभर भिजवून द्यावा, म्हणजे ही अडचण बहुधा दूर होते.

याउलट काही लक्षणे दिसल्यास तो चोखंदळपणा न समजता आजार समजावा. सर्व अंगावरील खवले उचलले जाऊन उभे राहणे, पोट एकाएकी फुगणे, पर मिटून तळाशी पडून राहणे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा होणे, ही ती लक्षणे होत. अशा माशास वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

एक ग्रॅम अन्नाचा हिशेब

मासा जेवीत नाही म्हणून अधिक अन्न टाकणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक होय. ती किती घातक आहे, हे शालेय गणितानेही दाखविता येते.

माशांच्या दाणेदार खाद्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात असे धरू. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ०.४ ग्रॅम प्रथिने. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे १ ग्रॅम खाद्यातील नायट्रोजन ०.०६४ ग्रॅम, म्हणजे ६४ मिलिग्रॅम होतो. हे खाद्य न खाल्ले जाता ४० लिटर पाण्यात कुजले आणि त्यातील सर्व नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला, तर दर लिटर पाण्यात १.६ मिलिग्रॅम अमोनियाजन्य नायट्रोजन येईल. सुस्थितीतील मत्स्यालयात अमोनियाचे प्रमाण जवळजवळ शून्य असावे लागते. चिमूटभर अन्नाने केवढा फरक पडतो, हे यावरून दिसेल. पाणी जितके क्षारधर्मी आणि जितके उबदार, तितका या अमोनियाचा विषारी अंश अधिक.

निसर्गाने यावर एक योजना केली आहे. वाळूत व गाळणीत वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु नव्या पेटीत ही जीवाणूंची वसाहत पुरती वसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि वसल्यानंतरही तिच्या कामास मर्यादा असते. अमोनिया वाढला की माशांचे कल्ले भाजल्यासारखे होतात आणि भूक मरते. येथे एक दुष्टचक्र सुरू होते: मासा जेवीत नाही म्हणून अन्न अधिक टाकावे, त्या अन्नाने पाणी बिघडावे, आणि पाणी बिघडले म्हणून माशाने जेवू नये. हे चक्र तोडण्याचा मार्ग एकच. अन्न थांबवावे, उरलेले कण नळीने ओढून काढावेत आणि पाण्याचा चौथा भाग बदलून त्याच उष्णतेचे, क्लोरिन काढलेले पाणी घालावे.

भरविण्याची रीत

कारणे तपासून झाली आणि मासा निरोगी आहे असे ठरले, म्हणजे भरविण्याच्या रीतीकडे वळावे. पुढील पद्धतीस विशेष साधनसामग्री लागत नाही.

अन्न देण्यापूर्वी गाळणीचा प्रवाह दहा मिनिटे बंद करावा, म्हणजे दाणे वाहून जाणार नाहीत. नंतर तो सुरू करण्यास मात्र विसरू नये. मधल्या मजल्यावरील माशांचे बारीक खाद्य पेटीच्या एका टोकास टाकावे आणि त्यांची गर्दी तिकडे जमताच दुसऱ्या टोकास लढाऊ माशास त्याचे दाणे एकेक करून द्यावेत. पाण्यावर तरंगणारे एक लहान कडे काचेला चिकटवून दाणे नेहमी त्या कड्यातच टाकल्यास मासा ती जागा ओळखू लागतो. रोज ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी अन्न मिळाले, की थोड्याच दिवसांत तो कड्याखाली येऊन वाट पाहतो. माशासही शिकता येते, याचा हा सोपा पुरावा होय. तळाच्या माशांची बुडती वडी दिवा मालवल्यानंतर आणि बेताचीच टाकावी, म्हणजे ती लढाऊ माशाच्या वाट्यास जाणार नाही.

कोरड्या दाण्याची ओळख करून द्यावयाची असल्यास परिचित अन्नाची मदत घ्यावी. गोठविलेल्या स्वरूपात मिळणाऱ्या तांबड्या ‘ब्लडवर्म’ म्हणजे कायरोनोमस माशीच्या अळ्या होत. एक अळी ड्रॉपरच्या टोकाने पाण्यात हलवून दाखविली की, निश्चल अन्नाकडे पाठ फिरविणारा मासाही बहुधा धावून येतो. दोन-तीन दिवस अशा अळ्या दिल्यावर त्यांच्या रसात भिजविलेला एक दाणा मध्येच द्यावा आणि पुढे अळ्या कमी व दाणे अधिक असे प्रमाण हळूहळू बदलावे. अळ्या हेच कायमचे अन्न करू नये; एकाच प्रकारच्या अन्नाने पोषण अपुरे राहते.

आर्टिमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्याशा कवचधारी प्राण्याची पिले हे जिवंत खाद्य शाळेतही तयार करता येते. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही हा प्राणी आढळल्याची नोंद आहे. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आर्टिमियाची वाळलेली अंडी टाकावीत, नळीने हवा सोडीत राहावे आणि पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवावे. सुमारे २४ तासांत पिले बाहेर पडतात. ती उजेडाकडे ओढली जातात, म्हणून भांड्याच्या एका बाजूस दिवा धरून तेथून ती गोळा करावीत व गोड्या पाण्याने धुऊन माशांस घालावीत. ज्या माशाचे पोट जड झाले आहे, त्यास एक-दोन दिवस उपवास घडवून मग डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, द्यावी. तिच्या कवचाचा न पचणारा भाग आतड्यास साहाय्यक ठरतो.

डासांच्या अळ्या हे या माशाचे आवडते अन्न असले, तरी त्या घरी वाढवू नयेत. उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि डेंग्यूसारख्या रोगांस आमंत्रण मिळते. गटारातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडेही टाळावेत, कारण त्यांच्याबरोबर रोगजंतू पेटीत शिरतात.

प्रमाणाविषयी एवढेच सांगता येईल की, प्रौढ माशास दिवसातून दोन वेळा तीन-चार लहान दाणे पुरेसे होतात आणि आठवड्यातून एक दिवस उपवास ठेवण्याची प्रथा हितकर आहे. पाच मिनिटांत जे खाल्ले जात नाही, ते काढून टाकावे.

नोंदवहीची साक्ष

शाळेत मत्स्यालय असेल, तर हा प्रश्न विद्यार्थ्यांकडे सोपविण्यास उत्तम आहे. एका वहीत रोज पुढील गोष्टी लिहाव्यात: वेळ, पाण्याचे तापमान, दिलेले अन्न व दाण्यांची संख्या, माशाने खाल्लेले दाणे, थुंकलेले दाणे, शेजाऱ्यांनी पळविलेले दाणे आणि शिल्लक. पहिले पाच दिवस काहीही न बदलता केवळ नोंद करावी. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आज अन्नाची जागा, काही दिवसांनी तापमान, मग दाण्याचा आकार. एकाच दिवशी तीन गोष्टी बदलल्या आणि मासा जेवू लागला, तर कोणत्या गोष्टीने जेवू लागला हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतील मोठमोठ्या प्रयोगांचा नियम हाच आहे आणि तो शिकविण्यास एक काचपेटी पुरेशी आहे.

अशी वही पंधरा दिवस चालविली असता बहुधा असे आढळून येते की, ज्यास आपण चोखंदळ म्हणत होतो, तो मासा एक तर पोट भरलेला होता, नाही तर गारठलेला, भ्यालेला, किंवा शेजाऱ्यांपुढे हतबल झालेला होता. हे प्राणी बोलू शकत नाहीत. अन्न नाकारणे हीच त्यांची बोलण्याची एक तऱ्हा आहे.

रानातील लढाऊ माशांची स्थिती आज निश्चिंत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही जात ‘असुरक्षित’ या वर्गात नोंदविली आहे; त्यांची डबकी बुजत आहेत व पाणी दूषित होत आहे. जगभरच्या काचपेट्यांत मात्र त्यांचे पाळीव वंशज लक्षावधींच्या संख्येने जगत आहेत. त्यांचे रूप आपण घडविले, त्यांचे शेजारी आपण निवडले, त्यांचे पाणी आपण मोजून भरले. अशा प्राण्याने जेवण नाकारले, तर खाद्याच्या डबीकडे हात नेण्यापूर्वी तापमापक पाहणे आणि दोन मिनिटे काचेपाशी शांतपणे बसून निरीक्षण करणे, एवढे तरी आपल्याकडून घडले पाहिजे.